उघडा बरं ते कपाट!

दोस्तांनो, आधी एक प्रश्न. तुमच्या शाळेतलं पुस्तकांचं कपाट शेवटचं कधी उघडलं होतं? आठवून बघा बरं! मुख्याध्यापकांच्या खोलीत नाहीतर जिन्याखाली उभं असलेलं ते करड्या रंगाचं लोखंडी कपाट. दाराला काच असली तर आतली पुस्तकं निदान दिसतात. काच नसली, तर आत गोष्टींची पुस्तकं आहेत की लेझीम आणि डंबेल्स, हे फक्त शिपाईमामांनाच ठाऊक!

आता दुसरा प्रश्न. १५ ऑक्टोबरला तुमच्या शाळेत काय काय होतं? फळ्यावर रंगीत खडूने 'वाचन प्रेरणा दिन' असं लिहितात. टेबलावर डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा फोटो, त्याला हार. मग भाषणं. वाचनाने ज्ञान वाढतं, वाचनाने माणूस मोठा होतो, वगैरे. मग टाळ्या. आणि या सगळ्या वेळात पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली अगदी पुढच्या रांगेत, हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून बसलेली असतात. दिवस वाचनाचा, पण त्यांच्या हातात पुस्तक काही येत नाही. (तुमच्या शाळेत असं होत नसेल, तर तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा.)

हा दिवस आला कुठून, ठाऊक आहे ना? कलामसाहेबांचं निधन २०१५ साली झालं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने त्यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करायचं ठरवलं. त्यांच्या लहानपणीची एक हकिगत त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. ते रामेश्वरमचे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. युद्धामुळे रामेश्वरम स्टेशनवर गाडी थांबणं बंद झालं. मग वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम आणि धनुष्कोडीच्या मधे धावत्या गाडीतून चक्क खाली फेकले जायचे! गावात पेपर वाटणारे शमसुद्दीन हे त्यांच्या नात्यातले. ते गठ्ठे झेलायला त्यांना एक मदतनीस हवा होता. तो मदतनीस म्हणजे छोटा कलाम. त्याची आयुष्यातली पहिली कमाई हीच. छापलेला कागद असा दाणकन येऊन हातात पडायचा!

आपल्याला धावती गाडी नको. पण पुस्तक हातात पडायला हवं, एवढं खरं. आणि ते पाडायचं कुणी? तुम्ही! हो, तुम्हीच. पाचवी ते दहावीच्या ताई-दादांनी. पहिली-दुसरीच्या वर्गाला वाचनाचा एक दिवस तुम्ही साजरा करून द्यायचा. १५ ऑक्टोबरच पाहिजे असं काही नाही. त्या सुमाराला सहामाही परीक्षा नाहीतर दिवाळीची सुट्टी असते, आणि कुणाचंच चित्त थाऱ्यावर नसतं. शनिवारची सकाळची शाळा यासाठी अगदी झकास. तुमच्या शाळेला प्राथमिकचे वर्ग नसतील, तर जवळची जिल्हा परिषदेची शाळा गाठा, अंगणवाडी गाठा, किंवा आपल्या चाळीचा व्हरांडा तर कुठे पळून जात नाही!

किल्ली मिळवायची कशी?

"बाई, कपाटाची किल्ली द्या ना!" असं नुसतं म्हणालात तर किल्ली मिळेलच याची खात्री नाही. बाईंवर रागावू नका. शाळेतल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद रजिस्टरमध्ये असते. पुस्तक हरवलं, फाटलं, की हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. त्यामुळे पुस्तक वाचलं गेलं नाही तरी चालेल, पण फाटायला नको, असं होऊन बसतं. बाईंच्या जागी तुम्ही असतात तरी हेच केलं असतंत.

म्हणून किल्ली मागायला जाताना हातात काहीतरी घेऊन जा. काय? पुस्तकांचा दवाखाना! बाईंना सांगा, "फाटलेली पुस्तकं आम्ही दुरुस्त करून देतो." घरी गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ शिजवा. मंद आचेवर, गुठळ्या न होऊ देता, आणि मोठं माणूस जवळ असताना. पान फाटलं असेल तर पातळ कागदाची पट्टी खळीने लावायची. पुस्तकाचा कणा सुटला असेल तर जाड दोऱ्याने दोन-तीन टाके घालायचे आणि वरून जुन्या सुती साडीची पट्टी चिकटवायची. पुस्तक रात्रभर पाटाखाली, वर वरवंटा ठेवून दाबून ठेवायचं. चिकटपट्टीचा मोह मात्र टाळा. ती पाच मिनिटांत काम करते खरी, पण काही वर्षांनी पिवळी पडते, सुटते आणि पानावर कायमचा डाग ठेवून जाते. बाइंडिंगवाले काका खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तुम्ही अजिबात घालू नका, ते विष आहे. लागेल तेवढीच ताजी खळ करा, झालं.

दहा-बारा पुस्तकं अशी बरी करून नेऊन दिलीत, की बघा किल्ली मिळते की नाही.

पुस्तकं कमीच असतील तर? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे, आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या ठिकाणी अगदी लहान मुलांच्या सचित्र मराठी गोष्टी आहेत, त्याही फुकट. घरच्या कुणाच्या फोनवर शोधून द्या म्हणावं, आणि आवडलेल्या एक-दोन छापून घ्या. पण लहानग्यांना जमलं तर कागदाचंच पुस्तक द्या. फोन हातात आला, की गोष्ट राहते बाजूला आणि बोट भलतीकडेच जातं. खरं की नाही?

आधी दोरी बांधा

पुस्तकं टेबलावर रचून ठेवू नका. पहिलीतल्या मुलाला गठ्ठ्यातल्या पुस्तकाचं नाव वाचता येत नाही. पातळ चित्रपुस्तकांच्या कण्यावर तर नाव नसतंच! लहान मूल पुस्तक निवडतं ते मुखपृष्ठ बघून. म्हणून वर्गाच्या दोन खिडक्यांच्या मधे दोरी बांधा, त्यांच्या छातीएवढ्या उंचीवर, आणि पुस्तकं मधोमध उघडून वाळत घातलेल्या टॉवेलासारखी दोरीवर टाका. मुखपृष्ठ बाहेर. जड पुस्तकं मात्र खाली चटईवर मांडा, नाहीतर दवाखान्यात नवे पेशंट भरती व्हायचे.

मग पोरांना मोकळं सोडा. पहिली दहा मिनिटं काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही. कुणी पुस्तक उलटं धरेल, कुणी शेवटच्या पानापासून सुरू करेल, कुणी नुसताच वास घेईल. घेऊ दे! "अरे, उलटं धरलंयस!" असं ओरडू नका. चित्रातला हत्ती डोक्यावर उभा दिसला, की त्याचं त्यालाच कळतं.

अरे हो, १५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुण्याचा दिवससुद्धा आहे, बरं का! २००८ पासून तो पाळला जातो. कार्यक्रम त्याच दिवशी असला तर आधी नळावर रांग लावा. खिचडीच्या हातांनी पुस्तकं धरण्यापेक्षा हे बरं.

वाचून दाखवायचं, म्हणजे नेमकं काय?

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं! पुस्तक उघडायचं आणि धडाधडा वाचायचं. तसं केलंत तर तिसऱ्या मिनिटाला एक जण पाणी प्यायला जाईल आणि दुसरा त्याच्यापाठोपाठ.

आदल्या दिवशी घरी गोष्ट दोनदा मोठ्याने वाचून घ्या. पहिल्यांदा तुमच्यासाठी, दुसऱ्यांदा आजीसाठी. आजीला डुलकी लागली तर गोष्ट बदला. वर्गात खुर्चीवर बसू नका, चटईवर बसा. मुलांना अर्धगोलात बसवा, पंधरापेक्षा जास्त नकोत. पुस्तक छातीशी धरून स्वतःच बघत बसलात तर मुलांना नुसती पाठ दिसेल. ते बाजूला, खांद्याच्या उंचीवर, चित्रं मुलांकडे करून धरा आणि तुम्ही तिरक्या नजरेने वाचा. सवयीने जमतं.

सुरुवातीला पुस्तकाचं नाव वाचा. ते कुणी लिहिलं ते वाचा. आणि चित्रं कुणी काढली तेही वाचा! लहान मुलांच्या पुस्तकात अर्धी गोष्ट चित्रातच असते. माधुरी पुरंदरे तर आपल्या कितीतरी गोष्टींची चित्रं स्वतःच काढतात. चित्रकाराचं नाव ऐकलं, की एखादी चिमुरडी विचारते, "म्हणजे हे माणसानं काढलंय?" तिला वाटत असतं, की पुस्तकं झाडाला लागतात!

पान उलटण्याआधी थांबा. अगदी गोष्ट ऐन रंगात आलेली असताना थांबा. "आता काय होईल?" एवढंच विचारा. उत्तर चुकलं असं म्हणायचं नाही, कारण पुढच्या पानावर काय आहे हे अजून कुणाला ठाऊकच नाही. गोष्ट संपल्यावर मात्र गप्प बसा. "या गोष्टीवरून आपण काय शिकलो?" हा प्रश्न विचारायचा नाही म्हणजे नाही! जेवण झाल्यावर कुणी आपल्याला "आज तू कोणकोणती जीवनसत्त्वे खाल्लीस?" असं विचारलं तर कसं वाटेल?

मुलं "पुन्हा!" म्हणाली तर पुन्हा तीच गोष्ट वाचा. तुम्हाला कंटाळा येईल, त्यांना येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती तुमच्या आधी वाक्य म्हणू लागतील. हे नुसतं पाठांतर नाही. पुढे काय येणार ते ठाऊक असलं, की डोळा ते शब्द कागदावर शोधायला लागतो. वाचनाची सुरुवात बऱ्याच जणांची अशीच होते.

शेवटच्या रांगेतला तो

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याकडे येऊ या.

प्रत्येक वर्गात असा एक तरी असतो. कधी एक, कधी दहा. सगळे मिळून धडा म्हणतात तेव्हा त्याचे ओठ अगदी बरोबर हलतात. बाईंनी एकट्याला उभं केलं, की आवाज येत नाही. वर्ग खो खो हसतो. पुढच्या वेळी त्याच्या पोटात दुखतं. त्याच्या पुढच्या वेळी तो शाळेतच येत नाही. वाचन प्रेरणा दिनाला मोठ्याने वाचायची स्पर्धा ठेवली, तर ज्याला आधीच वाचता येतं त्याला बक्षीस, आणि याला आणखी एकदा सगळ्यांसमोर गप्प उभं राहायचं. असला उत्सव त्याच्या काय कामाचा?

तो ढ असतो का हो? मुळीच नाही. आपली लिपी तशी गुणी आहे, पण तिच्या काही खोड्या आहेत. 'पिशवी' हा शब्द घ्या. तोंडाने आपण आधी 'प' म्हणतो आणि मग 'इ'. कागदावर मात्र वेलांटी आधी येते आणि 'प' नंतर! आता 'चार पेंढ्या चारा' हे मोठ्याने म्हणा. पहिला 'च' चहातला, दुसरा 'च' चमच्यातला. लिहायला दोन्ही सारखेच. तुम्हाला आता ते आपोआप जमतं, म्हणून कळत नाही. पहिल्यांदा शिकणाऱ्याला मात्र धडकी भरते.

आणि 'र' तर अक्षरांमधला बहुरूपीच! 'प्रकाश'मध्ये तो खाली तिरकी रेघ होऊन लपतो. 'ट्रक'मध्ये उलट्या होडीसारखा खाली जाऊन बसतो. 'सूर्य'मध्ये 'य'च्या आधी बोलायचा, पण बसतो मात्र 'य'च्याच डोक्यावर. 'दऱ्या'मध्ये आणखी चौथंच सोंग. म्हणजे 'सूर्य' वेगळा आणि 'सुऱ्या' वेगळ्या! या सगळ्यातून वाट काढताना एकेक अक्षर जुळवत मूल वाचतं, आ... का... शा... त... आणि चौथ्या अक्षराला पोहोचेपर्यंत पहिलं निसटून जातं. मग अर्थ कुठून लागणार?

या बहुरूप्याला पकडायचा खेळ मस्त रंगतो. चार-चार जणांच्या टोळ्या करा आणि प्रत्येक टोळीला जुनी वर्तमानपत्रं, बिस्किटांचे रॅपर, एसटीची तिकिटं, लग्नपत्रिका द्या. 'र'ची चारही सोंगं शोधून गोल करायची आणि कापून वहीत चिकटवायची. टोळीत मोठ्याने वाचायचं नसतं, नुसतं शोधायचं असतं. त्यामुळे आपला शेवटच्या रांगेतला गडीसुद्धा कात्री घेऊन पुढे सरसावतो. लग्नपत्रिकेत 'र' भरपूर सापडतात, हे आधीच सांगून ठेवते!

पण त्याच्यासाठी खरी युक्ती म्हणजे जोडीवाचन. एक तुम्ही, एक तो. बाकी कुणी बघायला नाही, ऐकायला नाही. पुस्तक त्याने निवडायचं. सोपं निवडलं तरी चालेल, अवघड निवडलं तरी चालेल. दोघांनी शेजारी बसून, एकदम, एका आवाजात वाचायला सुरुवात करायची. तुमचा वेग नाही, त्याचा वेग. तो तुमच्या आवाजाचा हात धरून चालतो. मधेच एखाद्या ओळीवर त्याला वाटलं, 'हे मला येतंय', की त्याने कोपराने हळूच ढुशी द्यायची. ढुशी मिळाली, की तुम्ही गप्प. तो एकटाच वाचणार. अडला तर लगेच सांगू नका. मनातल्या मनात चार आकडे मोजा. आला शब्द तर उत्तम. नाही आला, तर तो शब्द सरळ सांगून टाका. 'क ला काना का' करत बसू नका. त्याने तो शब्द म्हणायचा, आणि पुन्हा दोघांचं एकदम सुरू. पुढची ढुशी येईपर्यंत!

यात एकच नियम कडक आहे. "एवढंही येत नाही?" हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. भुवया उंचावूनही नाही. लहान मुलांना भुवया फार छान वाचता येतात.

हे एका दिवसाचं काम नाही, तेव्हा वाचनाच्या दिवशी जोड्या लावून टाका. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा, एवढं पुरे. आणि शेजारी बसल्यावर एक गोष्ट मुद्दाम बघा. तो पुस्तक नाकाशी धरतोय का? डोळे बारीक करतोय का? फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवतोय का? असं दिसलं तर त्याच्या बाईंच्या कानावर घाला. अडचण कधी कधी अक्षरांची नसतेच, चष्म्याची असते.

त्यांचंही एक पुस्तक

शेजारच्या पतपेढीची, किराणा दुकानाची कॅलेंडरं घरोघर असतात. वर्ष संपलं, की त्यांतल्या एका बाजूने कोऱ्या असलेल्या पानांवर मोठ्ठं पुस्तक करता येतं. मुलांना विचारा, "काल घरी काय झालं?" आणि ती जे सांगतील ते जाड स्केच पेनने, मोठ्या अक्षरात लिहा. "आमच्या शेळीला दोन करडं झाली." एका पानावर एक वाक्य, खाली मुलांनी काढलेलं चित्र. शेवटी सुतळीने शिवायचं. मग सगळ्यांनी मिळून वाचायचं, आणि तुम्ही पट्टी शब्दांखालून डावीकडून उजवीकडे सरकवायची. आपण बोललेलंच कागदावर उतरलंय आणि उद्याही ते तसंच राहणार आहे, हे कळलं की पोरं अवाक होतात.

इथे एक काळजी घ्या. मुलाने सांगितलेला शब्द बदलू नका. त्याच्या घरी अहिराणी बोलत असतील, मालवणी, वारली, गोंडी, पावरी, नाहीतर आणखी काही. पुस्तकात एक शब्द आणि घरी भलताच, अशी त्याची रोजची फरफट असते. त्याच्या आईच्या तोंडचा शब्द कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात दिसू दे की! शाळेचा शब्द त्याच्या शेजारी लिहा, त्याच्या डोक्यावर नको.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांचं बालवाडीचं काम सुरू झालं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येणार कशी? मग शाळाच कुरणात गेली! गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत. तिचं नावच 'कुरणशाळा'. आपल्याला तर फक्त वर्गाच्या पायऱ्या उतरून पहिलीत जायचंय.

प्रत्येकाला स्वतःचं छोटं पुस्तक हवं असेल, तर एका कोऱ्या कागदाचं आठ पानी पुस्तक शिकवा. ना टाचणी, ना गोंद! कागदाला तीनदा निम्म्याने घड्या घाला आणि उलगडा. आठ चौकोन दिसतील. आता कागद आडवा धरून उजवी कड डाव्या कडेवर आणा, म्हणजे एकच मधली घडी राहील. त्या घडीच्या बाजूने, मधल्या आडव्या रेषेवरून कात्री चालवा, पण निम्म्यापर्यंतच! म्हणजे पहिली उभी रेष लागली, की थांबायचं. कागद पूर्ण उघडलात, की मधोमध एक चीर दिसेल. तो लांबीच्या बाजूने दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला. चिरेचं तोंड चौकटच्या एक्क्यासारखं उघडेल. ढकलत राहा, चार पाकळ्या होतील, त्या एकावर एक मिटवा. झालं पुस्तक! घरी दोनदा करून बघा, नाहीतर तीस पोरांसमोर तुमचीच घडी विस्कटेल.

मुखपृष्ठावर लेखकाचं नाव हवंच. मुलांनी लिहिलेलं कोण वाचतं, असं म्हणू नका. मुक्ता साळवे ही पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. आपल्या समाजाच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आज इतक्या वर्षांनी तो मोठमोठी माणसं अभ्यासतात.

थोडं इकडचं तिकडचं

पुस्तकातल्या पात्रांची वेशभूषा करायची का, असं कुणीतरी विचारेलच. माझं मत, नको. भाड्याचे पोशाख आणायचे, आईबाबांची धावपळ, आणि दिवसभर मिशी सांभाळायची. वाचायला वेळ कुठे उरतो? कुणी किती पुस्तकं वाचली याचा तक्ताही नको. मग पोरं पानं मोजतात, वाचत नाहीत.

ग्रंथदिंडी मात्र जरूर काढा! मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात ग्रंथदिंडीने होते. पालखीत पुस्तकं, पुढे लेझीम, टाळ, झिम्मा-फुगडी. फक्त एक बदल करू या. पालखीतली पुस्तकं शोभेची ठेवायची नाहीत. दिंडी पारावर थांबली, की एक पुस्तक काढायचं आणि एक पान मोठ्याने वाचायचं. पिठाच्या गिरणीपाशी दुसरं, एसटी स्टँडवर तिसरं. गिरणीवाल्यांना दोन मिनिटं गिरणी बंद ठेवा म्हणावं. आणि लहानग्यांनी वाटेतल्या पाट्या वाचत जायचं. रस्त्यावर त्यांच्या कामाचं किती लिहिलेलं असतं! साताऱ्याकडच्या मुलांना जमलं तर त्यांनी पाचगणीजवळच्या भिलारला सहल काढावी. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. लोकांनी आपल्या घरांत पुस्तकं मांडली आहेत. कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा. स्ट्रॉबेरी मिळाली तर ती खाऊन झाल्यावर!

शनिवार संपताना

दोरीवरची पुस्तकं पुन्हा कपाटात कोंबायची नाहीत. प्रत्येकाने एक पुस्तक घरी न्यायचं आणि पुढच्या शनिवारी परत आणायचं. बाईंच्या रजिस्टरला हात लावायचा नाही, त्याऐवजी शंभर पानी वही घाला. तारीख, पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव. वही सांभाळायला दुसरीतलेच दोघे नेमा, दर महिन्याला नवे. ज्याला अजून नाव लिहिता येत नाही, त्याने आपली खूण काढायची. कुणाचा बेडूक, कुणाची छत्री, कुणाचा पतंग. शेजारी रिकामी जागा सोडायला विसरू नका. एखाद्या शनिवारी बेडूकवाला येईल, जीभ बाहेर काढून, पेन्सिल घट्ट धरून त्या जागेत काहीतरी लिहील. तेव्हा घाई करू नका त्याला. मागे रांग थांबली तर थांबू दे.